पांढरी तीन, पांढरी सहा

आमच्या पिढीने पहिली इलेक्ट्रिक गिटार निवडली नाही. जी मिळाली ती घेतली. 1980च्या दशकात परदेशी गिटार यायची ती बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, आणि आली की ऑर्केस्ट्रातल्या एखाद्या मुरलेल्या वादकाकडे जायची. नवशिक्याच्या वाट्याला देशी वाद्य. तारा इतक्या उंच की बोटं सोलवटायची, पावसाळ्यात मान वाकायची, बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेशी जुळायचा नाही. कितीतरी मुलांनी गिटार सोडली ती आपल्या हातात संगीत नाही असं समजून. दोष वाद्यात होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आज यामाहाची पॅसिफिका किंवा स्क्वायरची स्ट्रॅट घरपोच येते. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापलेली तिची मान सरळ असते, फ्रेट जागच्या जागी असतात. बहुतेक पॅसिफिकांत ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल पिकअप असतात. त्यामुळे भावगीताच्या साथीचा स्वच्छ नाद आणि मेटलचा जाड आवाज एकाच वाद्यात मिळतो. कुठलं संगीत आपलं हे अजून न ठरलेल्याला याहून काय हवं? आमच्या वेळी हे असतं तर गळालेल्यांपैकी निम्मे तरी आज वाजवत असते, असं मला मनापासून वाटतं.

आणि तरीही मला पेटी आठवते. घरात ट्यूनर नव्हता, पेटी होती. धाकटी बहीण भाता मारायची आणि आम्ही जाड तारेपासून सुरू करायचो: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, आणि पुन्हा वरची तीन. खुंटी पिळत सूर जवळ आला की दोन आवाजांमधली थरथर मंदावायची, जुळला की थांबायची. या कामात अर्धा तास जायचा आणि वाजवायला वेळ उरायचा नाही. पण कान तयार झाले ते तिथेच. आता मोबाइलवर हिरवा दिवा लागला की तार लागली. सहा तारा मिनिटभरात. तार लागते, पण ती लागताना कुणी ऐकत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट तर अधिकच बिकट. गिटारसाठी वेगळा अ‍ॅम्प असतो हेच आम्हाला उशिरा कळलं. गणपतीच्या मांडवातल्या अहुजाच्या ध्वनिवर्धकात माइकच्या भोकात वायर खुपसायची, नाहीतर टू-इन-वनमध्ये. नाद दबलेला यायचा. दोन पिनांचा प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही. तारांवर बोटं ठेवून माइकला ओठ लागले की झटका बसायचा. त्यात धोका होता, गंमत नव्हती.

आता दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प खोलीला पुरून उरतो. बॉसच्या कटानासारख्या अ‍ॅम्पमध्ये वेगवेगळ्या जातींचे आवाज भरलेले असतात, आणि हेडफोन लावला की रात्री दोनलाही रियाज होतो. शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. आमच्या चाळीत मात्र कुणाचा कॉर्ड कालपर्यंत चुकत होता आणि आज बसला, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही ठाऊक असायचं.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दुकानाची. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, पेढी 1865पासूनची. जवळच रंगभवन, जिथे 1986मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला. त्या भागातल्या दुकानांत गिटार उतरवून हातात मिळायला धीर लागायचा, आणि मुलगी आली तर तिला आधी कीबोर्ड दाखवायचे. ते वाईटच होतं. पण कुणीतरी अनुभवी माणूस ती गिटार अ‍ॅम्पला जोडून वाजवायचा, आपण समोर उभं राहून ऐकायचो, आणि आपल्याला कुठला आवाज हवा आहे हे त्या क्षणी कळायचं.

म्हणून पहिली गिटार घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. स्थिर ब्रिजची गिटार घ्या, सगळे पैसे तिच्यावरच घालू नका, तारांची उंची जाणकाराकडून बसवून घ्यायला थोडे राखून ठेवा. वाजवणाऱ्या एखाद्याला सोबत घ्या, दुकानात जा, आणि जो अ‍ॅम्प घरी नेणार त्यावरच ती गिटार ऐकून मग ठरवा.