फुकटचं घर

झोपडीवाल्यांना सरकारने फुकट घरं द्यावीत, याची मला कित्येक वर्षं मनापासून चीड होती. ती लपवायची वेळ कधी आली नाही, कारण माझी ज्यांच्यात ऊठबस त्या सगळ्यांचं मत तेच. 1995 साली युती सरकारने 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन दिलं, तेव्हापासून भांडुपहून व्हीटीला जाणाऱ्या आमच्या डब्यात हा विषय अधूनमधून निघायचाच. आपण जन्मभर हप्ते फेडायचे आणि यांनी रुळाकडेला चार पत्रे ठोकले की फ्लॅट! त्यावर कुणीतरी ठेवणीतलं वाक्य टाकायचं, ‘तोही भाड्याने देतात आणि परत झोपडीत जाऊन बसतात.’ हे वाक्य बहुतेक वेळा माझंच असायचं. म्हणताना बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो.

आमच्याकडे धुणीभांडी आणि पोळ्यांना येणाऱ्या मावशींची झोपडी रुळांना खेटून होती. रूळ ओलांडला की दहा मिनिटांत त्या आमच्या दारात. 2002 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प मंजूर झाला. रेल्वेच्या जादा मार्गिका आणि काही मोठे रस्ते त्यात होते. वाटेत येणारी लाखभर माणसं हलवली गेली, मानखुर्दला, वाशीनाक्याला, जिथे इमारती उभ्या राहिल्या तिथे. मावशींना वाशीनाक्याला पाचव्या मजल्यावर 225 चौरस फुटांचं घर मिळालं. घरातच नळ, घरातच संडास. त्या पेढे घेऊन आल्या होत्या. पेढा तोंडात टाकताना माझ्या मनात काय आलं असेल, ते वरच्या परिच्छेदावरून कळेलच.

मग त्यांना उशीर होऊ लागला. वाशीनाक्याहून बसने चेंबूर, हार्बरने कुर्ला, पूल चढून-उतरून स्लो गाडीने भांडुप. बस चुकली की पुढचं सगळंच चुकायचं. ज्या घरी सकाळी सहाला डबे लागायचे, ते काम पहिल्यांदा सुटलं. मग त्याच मजल्यावरचं दुसरं. आमचं टिकलं, पण आम्ही उदार होतो म्हणून नव्हे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी त्यांचे खाडे मांडत असे. सव्वाआठच्या पुढे आल्या की तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ‘उ’. चार ‘उ’ झाले की एक खाडा. हा हिशोब बायकोला कधीच पसंत नव्हता. नियम माझा होता आणि तो शिस्तीचा आहे, अशी माझी समजूत होती.

पुढे मावशी पुन्हा वेळेवर यायला लागल्या. वाशीनाक्याची खोली त्यांनी भाड्याने दिली आणि स्वतः भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत एका पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायला आल्या. पाणी खालून भरून आणायचं, संडास सार्वजनिक. बायकोने हे सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डब्यात वर्दी दिली. आता तर पुरावाही घरातला होता.

भाचा घर शोधत होता त्या सुमाराची गोष्ट. त्याची नोकरी फोर्टात. बदलापूरच्या एका नव्या प्रकल्पाचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन तो आमच्याकडे आला. दोन बेडरूम, बाल्कनी, खाली बाग. मी त्याला समोर बसवून समजावलं. अरे, घर स्वस्त पडेल, पण राहशील गाडीतच. पोरांना रविवारीच दिसशील. लहान घे, जुनं घे, पण कामाच्या जवळ घे. आम्हाला नाही का, याच पैशात डोंबिवलीला दोन खोल्या जास्त मिळत होत्या? आम्ही इथल्या गळक्या इमारतीत घर घेतलं, म्हणून संध्याकाळी सातला घरी असतो. भाचा मान डोलावत होता. मावशी फरशी पुसत होत्या. बादलीत फडकं पिळता पिळता त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मंग मी काय येगळं केलं, भाऊ?’

‘तुमचं वेगळं,’ मी म्हणालो.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. खुर्ची सरकवून तिच्याखालची फरशी पुसायला लागल्या. भाच्याचं लक्षही नव्हतं. मी मात्र काय वेगळं ते शोधायला लागलो. रात्रीपर्यंत शोधत होतो.

त्यांना घर फुकट मिळालं, मला पैसे मोजावे लागले; हे पहिलं उत्तर. पण फुकट कसं? झोपडी त्यांनी पागडीसारखे रोख पैसे मोजून घेतली होती, नंतर विटांची केली होती. ती गेली. ज्या जागेवरून ती गेली, तिथे आणखी रूळ पडणार होते. रुळाकडेच्या वस्त्यांपाशी गाड्या रखडतात, म्हणून डब्यात बसून आम्हीच शिव्या घालत होतो ना? गाडी माझी सुटसुटीत होणार होती आणि तिचा खर्च मावशी रोज चेंबूर-कुर्ला-भांडुप असा भरत होत्या. दुसरं उत्तर, त्यांनी नियम मोडला. मोडलाच. अशी घरं भाड्याने द्यायला बंदी असते. पण मी डोंबिवली नाकारली तेव्हा मला कुणी नियम घातला होता का, की मिळालेल्या जागीच राहा? तिसरं उत्तर असं की, झोपडीत राहायची त्यांना सवय आहे. हे मनात आलं तेव्हा मात्र माझी मलाच शरम वाटली. इतकी वर्षं बाकीच्या मुद्द्यांखाली हेच दडलेलं होतं.

दोन्ही घरांत गणित एकच होतं. चार भिंती किती मोठ्या, हे पाहायचं आणि त्या भिंतींतून निघून कामावर पोचायला काय पडतं, हेही पाहायचं. मी केलं तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हटलं, मावशींनी केलं तेव्हा लबाडी. खरं तर त्यांचं गणित माझ्याहून अवघड होतं. दोन कामं सुटल्यावर जी कमाई बुडाली, ती नळाच्या पाण्याने भरून निघणार नव्हती.

‘उ’ लिहिणं मी बंद केलं. सुटलेली दोन कामं परत मिळावीत म्हणून त्या शेजाऱ्यांकडे शब्द टाकला नाही. डब्यातही लगेच तोंड उघडलं नाही. फक्त ते वाक्य म्हणायचं सोडलं. ते म्हणायला दुसरे होतेच. भाड्याने देणं योग्य, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. वाशीनाक्याच्या त्या खोलीत कागदपत्रांशिवाय राहणारं कुटुंबही कुणाच्या तरी मर्जीवर होतंच. पण पुनर्वसनाच्या घराचं क्षेत्रफळ 225 वरून 269 झालं, मग 300 झालं, अशी बातमी आली की आता मी पहिल्यांदा शोधतो ते घर कुठे आहे. आणि तिथून बस आहे का. 2025 च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर त्याची चर्चासुद्धा झाली नाही, रिक्षाने स्टेशन गाठणाऱ्यांचा कट्टा तो. वाशीनाक्याला मात्र ते घरभाडं वाढल्यासारखंच असणार.

त्याच वर्षी जुलैत गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले आणि आता या लोकांसाठी सरकारने घरं दाखवली ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. त्यांना घरं मुंबईत हवी होती. बातमी वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा उमटलं ते ‘मिळतंय ते घ्या की!’ इतक्या वर्षांनंतरही. महिन्याभरापूर्वीच, 9 जूनला, मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली होती, हे आठवावं लागलं, आपोआप आठवलं नाही.

कट्ट्यावर एक जुना डबेकरी मित्र तावातावाने म्हणाला, ‘यांना मुंबईतच पाहिजे. का? शेलूला काय वाघ खातो?’

मी विचारलं, ‘तुझा मुलगा जाईल का राहायला?’

‘तो कसा जाईल?’ तो म्हणाला. ‘त्याचं ऑफिस लोअर परळला आहे.’