रोल, जुना डिजिटल आणि भिलाईचा उन्हाळा

५ मे २०२४, रविवार

आमच्या रविवारच्या फोटोवाल्यांच्या टोळीत सध्या दोन तट आहेत. एका तटाला कॅमेऱ्यात पुन्हा रोल घालायचाय, दुसऱ्याला वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे हुडकून वापरायचेत. दोन्हीकडे तिशीच्या आतलेच जास्त. ज्यांनी एके काळी न्हाणीघरात लाल दिवा लावून रात्री काढल्या, ते आम्ही साठीपुढचे मधल्या मधे पंच.

सिव्हिक सेंटरला चहा-पोहे संपले तरी वाद संपेना. तक्रार मात्र दोघांची एकच आहे : मोबाइल फार शहाणा झालाय. सावली परस्पर उजळतो, चेहरा परस्पर गुळगुळीत करतो. काढणाऱ्याने ठरवायचं असं काही उरतच नाही. इथवर मला पटतं. पण ठरवायची मुभा कशात जास्त, आणि भिलाईत राहून काय निभतं, हे वापरल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून पावसाळा संपेपर्यंत दोन्ही वापरून बघायचं ठरलं. भाच्याने जुन्या बाजारातून निकॉन डी-७० घेतलाय, एकाकडे कॅनन ३००-डी आहे आणि माझ्याकडे बाबांचा रोलवाला रशियन झेनिट.

१२ मे, रविवार

झेनिट-ई साफ केला. असा कॅमेरा आमच्या घरात कसा, हे भिलाईकराला समजावून सांगावं लागत नाही. पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. पुढेही कित्येक वर्षं रशियन इंजिनिअर इथे येऊन-जाऊन होते. त्यातल्याच एकाने परतताना हा बाबांना दिला.

क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून १९६५ पासून असे तीस लाखांहून जास्त कॅमेरे बाहेर पडले. शटरच्या गती पाचच, १/३० ते १/५००, शिवाय 'बी'. मीटर सेलेनियमचा, त्यामुळे बॅटरीची भानगड नाही. पण आमचा मीटर केव्हाच आंधळा झालाय. उजेडाचा अंदाज डोळ्यांनीच घ्यायचा. लेन्स हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ-२. जर्मन झाइसच्या बायोटारवरून बेतलेली.

ही लेन्स ४२ मिलिमीटरच्या आट्यांची. एक साधी रिंग लावली की कॅननवर ती नीट बसते, निकॉनवर नाही. कारण लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर झेनिटमध्ये साडेपंचेचाळीस मिलिमीटर, कॅननमध्ये ४४, निकॉनमध्ये साडेसेहेचाळीस. कॅननमधली उणीव रिंगने भरून निघते. निकॉनमध्ये अंतर आधीच जास्त, त्यामुळे मध्ये वेगळं भिंग घातल्याशिवाय लांबचं काही फोकस होत नाही. भाचा हिरमुसला. "मामा, तुमच्या रशियनांनी माझ्या कॅमेऱ्याचा विचारच नाही केला!"

२६ मे, रविवार

कालपासून नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले तापते नऊ दिवस. छतावरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. रोल धुणाऱ्याची खरी परीक्षा याच दिवसांत.

कृष्णधवल रोलचं सगळं गणित २० अंशांवर मांडलेलं. एचपी-५ हा ४०० आयएसओचा रोल आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं घेतो. २४ अंशांना तेच काम पाच-साडेपाच मिनिटांत उरकतं. तिशीच्या पुढे वेळ इतका कमी होतो की द्रावण सगळीकडे सारखं पोचायच्या आत काळं व्हायचं ते होऊन बसतं. म्हणून घमेल्यात बर्फ, बर्फात बाटल्या, आणि डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळ्या पाण्याचं तापमान एकच. थंड हायपोतून, म्हणजे फिक्सरमधून, काढून फिल्म एकदम गरम पाण्यात टाकली, तर वरचं जिलेटिन सुरकुततं.

रंगीत रोलचं उलटं. त्याच्या सी-४१ प्रक्रियेला ३७.८ अंश लागतात, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. थंड देशातले लोक त्यासाठी पाणी तापवत बसतात. आमच्याकडे मे महिन्यात टाकी तेवढं काम फुकटात करते, उलट थोडं निववूनच घ्यावं लागतं! अडचण आहे ती रसायनांची. ती बाहेरून मागवायची, आणि एकदा कालवली की या उष्म्यात फार दिवस टिकत नाहीत.

उन्हाशी झगडणारे आपण पहिले नव्हे. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशाने वैद्य, छंदाने फोटोग्राफर. त्या काळची ओली कोलोडियन काच सुकायच्या आत फोटो काढून धुवावीही लागे. मुंबईच्या उकाड्यात त्यांनी ते कसं जमवलं असेल, याचा विचार केला की माझं बर्फाचं घमेलं अगदीच सोपं वाटतं.

९ जून, रविवार

मैत्रीबागेत तिन्ही कॅमेरे घेऊन गेलो. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये झालेली बाग, त्यामुळे झेनिटला तिथे माहेरचा मान.

वाद होता 'सीसीडी'चा. डी-७० २००४ चा, ६.१ मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर. ३००-डी २००३ चा, ६.३ मेगापिक्सेल, सीमॉस सेन्सर. सीसीडीचे रंग फिल्मसारखे असतात आणि ते नव्या कॅमेऱ्यांना जमत नाहीत, असं तरुण मंडळी शपथेवर सांगतात. एकाच झाडाचे, एकाच चेहऱ्याचे फोटो दोन्हींवर काढले. संध्याकाळी कच्च्या फाइली एकाच पद्धतीने उघडल्या, कॅमेऱ्याचं नाव झाकलं आणि ओळखायला लावलं. कोणालाच खात्रीने सांगता येईना.

येणारही नाही. सेन्सर कोणताही असो, तो फक्त उजेड मोजतो. रंग ठरतो त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या जाळीवर, आणि त्याहून जास्त कंपनीने आत बसवलेल्या पाककृतीवर. जुन्या कॅमेऱ्यांचे जेपीईजी गडद, ठसठशीत येत, कारण त्या काळी तशीच आवड होती. फिल्मची गोष्ट खरोखर वेगळी. निगेटिव्हवर उजेड जरा जास्त पडला तरी ती सावरून घेते, जुना डिजिटल मात्र पांढरं ते पांढरंफटक करून मोकळा होतो. त्यामुळे नियमही उलटे : रोलवर सावलीसाठी मोजायचं, डिजिटलवर उजेडासाठी.

१९ जून, बुधवार

बातमी : पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा जाहीर केला, पेंटॅक्स १७. अर्ध्या चौकटीचा, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. अमेरिकेतली किंमत ५०० डॉलर. रोलच्या तटातले दिवसभर मिशीला पीळ देत होते.

जुन्या गोष्टींचा हा फेरा गमतीचा आहे. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये जुळवला. १०० बाय १०० ठिपक्यांचं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे त्याच डिजिटलने कोडॅकचा फिल्मचा धंदा बसवला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आज तिचेच पिवळे डबे पोरं मुंबईहून मागवतात.

रात्री हिशेब मांडला. रंगीत रोल हजाराच्या आसपास, वर धुलाई, स्कॅन, कुरिअर. इथल्या ज्या कलर लॅबमध्ये विचारलं, तिथे रोल धुण्याचं मशीन आता नाही. तेव्हा पार्सल नागपूर नाहीतर मुंबई. एकेक फोटो चाळीस-पन्नास रुपयांना पडतो. जुन्या डिजिटलचा खर्च एकदाच. पुढे तंगवते ती बॅटरी, जी वीस वर्षांनी धड मिळत नाही, आणि ते जाडं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड वाचणारा रीडर.

१४ जुलै, रविवार

झड लागलीय. लेन्सना बुरशीची धास्ती. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि मधूनमधून उघडीप मिळाली की कॅमेऱ्यांना ऊन-वारा. रोल फ्रीजमध्ये, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडायची नाही. आत दव धरतं.

जुन्या डिजिटलवाल्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. २००५ च्या ऑक्टोबरात सोनीने जाहीर केलं की आधीच्या काही वर्षांत बनवलेले त्यांचे काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होतात. ते सेन्सर इतर कंपन्यांच्या छोट्या कॅमेऱ्यांतही होते. चित्र जांभळं, पट्ट्यापट्ट्यांचं, नाहीतर साफ काळं. त्या वेळी कंपन्यांनी फुकट दुरुस्त करून दिले, आज कोण देणार? तेव्हा २००२ ते २००४ चा छोटा कॅमेरा घेताना आधी चालू करून, फोटो काढून बघायचा. आणि उष्ण, दमट म्हणजे आपलं गावच की!

४ ऑगस्ट, रविवार

हरेली, छत्तीसगढच्या शेतकऱ्यांचा सण. शिवनाथ नदीकाठच्या एका गावात गेलो. नांगर-कुदळी धुऊन मांडलेल्या, दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या, आणि पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून चिखलातून टकाटक चाललेली. एका आजीने विचारलं, "फोटू खींचत हस का?" आणि पदर सारखा करून उभी राहिली.

दुपारी पाऊस थांबून कडक ऊन पडलं. गेडीवरच्या पोरांचे चेहरे आभाळापुढे काळे. इथे भाच्याचा डी-७० सगळ्यांना भारी पडला. त्याच्या सेन्सरला स्वतःच उजेड तोडता येतो, म्हणून १/५०० गतीलाही फ्लॅश चालतो. झेनिटचा फ्लॅश १/३० लाच, त्या उन्हात कुचकामी. सीसीडीचं कौतुक करायचं तर रंगांपेक्षा याचं करावं.

आजीचा फोटो मात्र मी कृष्णधवल रोलवर काढला. एकच काढला आणि तेवढ्यासाठी तिच्याशी बराच वेळ बोलत बसलो. भाच्याने तेवढ्यात वीसेक काढले, आणि लगेच तिला दाखवलेही. ती पडद्यात बघून खूप हसली. तो आनंद माझा रोल तिला त्या दिवशी देऊ शकत नव्हता.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मंडपात पिवळे बल्ब, वर रंगीबेरंगी लड्या. डी-७० आणि ३००-डी दोन्हींची धाव आयएसओ १६०० पर्यंतच, आणि तिथेही दाणे उठतात ते ओबडधोबड, रंगांचे ठिपके घेऊन. कॅननवर हेलिओस चढवली, एफ-२ ला उघडली, तेव्हा आरतीतले चेहरे मिळाले. फोकस हाताने, आणि त्या कॅमेऱ्याच्या इवल्या खिडकीतून ते डोळ्याला पाणी आणणारं काम. एचपी-५ ला १६०० समजून वापरलं आणि जास्त वेळ धुतलं, तर दाणा येतो, पण तो सुसह्य असतो. अंधारात माझं मत रोलला.

२२ सप्टेंबर, रविवार

बाबांची ट्रंक उघडली. 'इंदू' छापाची रिकामी खोकी निघाली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा माल. भिलाईच्या कारखान्यासारखीच सरकारी कंपनी, पण ती आता बंद पडलीय. खोक्यांत निगेटिव्ह. झेनिटच्या आधीच्या काळातल्या चौकोनी निगेटिव्ह अॅग्फा क्लिक थ्रीच्या. सेक्टरमधलं नवंकोरं क्वार्टर, पुढच्या अंगणात नऊवारीतली आजी, शेजारी रशियन बाई, दोघींच्या हातात कलिंगडाच्या फोडी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

त्याच ट्रंकेत ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर-पिवळे पडलेत. रंगीत फोटो म्हणजे शेवटी रंगद्रव्यं, ती उडतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते. नीट धुतलेली असेल तर ती पिढ्यान् पिढ्या टिकते.

मग दोन्ही तटांना कामाला लावलं. मोबाइलचा पांढरा पडदा खाली, त्याच्यापासून थोडी वर उचललेली निगेटिव्ह, वर स्टँडला कॅनन, त्याला एक्स्टेन्शन ट्यूब लावून हेलिओस. एफ-८, टायमरवर फोटो. संगणकावर काळ्याचं पांढरं केलं आणि आजी उजेडात आली. सहा मेगापिक्सेल म्हणजे ३००-डीचे ३०७२ बाय २०४८ ठिपके. घरात लावायच्या आठ बाय दहाच्या प्रिंटला पुरून उरतात.

६ ऑक्टोबर, रविवार

आज टोळीपुढे पंचांचा निकाल वाचला.

शिकायचं असेल तर जुना डिजिटल घ्या. चुका फुकट होतात आणि लगेच दिसतात. रंगांच्या जादूसाठी जास्त पैसे मोजू नका. बॅटरी, कार्ड आणि सेन्सर तपासून मगच घ्या. रंगीत रोल भिलाईत हौसेपुरता, वर्षाकाठी एखादा. कृष्णधवल रोल मात्र जरूर घाला, आणि तो घरीच धुवा. घरातली मोठी माणसं, मोडायला निघालेली क्वार्टरं, हरेलीची गेडी, असं जे टिकायला हवं ते त्याच्यावर घ्या. ती निगेटिव्ह वाचायला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. उजेडाकडे धरली की पुरे.

आणि एक विनंती, टोळीबाहेरच्यांनाही. कारखाना उभा राहिला त्या काळात इथे आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत अशा निगेटिव्ह पडून आहेत. प्रिंट आहेत म्हणून निगेटिव्ह रद्दीत घालू नका. जुना डिजिटल कॅमेरा, एक ट्यूब आणि एक दुपार, एवढ्यावर त्यांची नक्कल होते. ती करा, मूळ निगेटिव्ह कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवा, आणि फोटोतल्या माणसांची नावं, जागा आणि साल पाकिटावर लिहा. ओळखणारी माणसं अजून घरात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.