दुबईची गाडी, दिल्लीची गाडी आणि गावचा मिस्त्री



मागच्या काही फोटोंत टोमॅटोच्या प्लॉटच्या मागं पांढरी स्कॉर्पिओ दिसली आणि बऱ्याच जणांनी विचारलं, कुठून आणली, केवढ्याला पडली. दोघा-तिघांनी तर विचारलं, "दुबईला गेला होतात ना, मग तिकडूनच लँड क्रूझर का नाही आणली?" त्यांनी चेष्टेत विचारलं असेल, पण मी तो हिशोब खरंच मांडून बघितला होता. म्हणून आज फवारणीचं राहू द्या, गाडीचं लिहितो.

आधी गरज काय होती ते सांगतो. द्राक्षबाग रस्त्याला लागून आहे, तिथं अडचण नाही. टोमॅटोचा प्लॉट आणि विहीर मात्र डोंगराच्या अंगाला, डांबरी सोडून अडीच किलोमीटर आत. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऑटो स्विच बसवलाय, पण फ्यूज उडाला किंवा ठिबकची नळी निसटली तर माणसाला जावंच लागतं. पावसाळ्यात त्या वाटेला मोटारसायकल चिखलात रुतते. त्यात शेजारच्या उसात मागल्या वर्षी बिबट्या दोनदा दिसला. रात्री दोनला मी निघालो की पोरगा बॅटरी घेऊन मागं बसायचा. त्याचं बारावीचं वर्ष. घरातून एकच वाक्य, "अहो, पीक परत येईल, माणूस नाही येणार." त्यामुळं बंद काचांची आणि चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. हौस म्हणाल तर तीही होती थोडी, खोटं कशाला बोलू.

आता दुबई. द्राक्षं उतरल्यावर आम्ही काही बागायतदार तिकडं बाजार बघायला गेलो होतो. अल अवीरचा फळ-भाजीचा बाजार म्हणजे आपल्या मालाचं मोठं ठिकाण, नाशिकचा कांदा तिथं गोणीवरनं ओळखू येतो. त्याच भागात जुन्या गाड्यांचाही मोठा बाजार आहे. लँड क्रूझर, पॅट्रोल, पजेरो, ओळीनं उभ्या. आफ्रिकेतले व्यापारी तिथून गाड्या घेऊन जहाजानं नेतात. मीही दोन तास फिरलो, गाड्यांखाली वाकून बघितलं. वाळवंटातल्या गाडीला गंज कमी, पत्रा बघून हात फिरवावा वाटतो.

पण तिथल्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं. आणि आपल्याकडं सेकंडहँड गाडी आयात करायची तर नियम साफ आहेत. स्टेअरिंग उजवीकडंच हवं. गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. पुढं किमान पाच वर्षं चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा. उतरवायची ती मुंबईच्याच बंदरात, आणि आल्यावर मान्यताप्राप्त संस्थेत तपासणी. त्यात पुण्याची एआरएआय आणि नगरची व्हीआरडीई ही आपल्या जवळची नावं. पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांना वेगळी सवलत आहे, पण ती हौशी संग्रहवाल्यांसाठी, विहिरीवर जायला नाही. म्हणजे शेतकरी शोधतो ती आठ-दहा वर्षांची, मजबूत, स्वस्त झालेली गाडी नेमकी नियमात बसत नाही.

कुणी म्हणेल जपानहून आणा, तिकडं स्टेअरिंग उजवीकडं. ठीक, तीन वर्षांच्या आतली गाडी मिळाली असं धरा. सेकंडहँड गाडीवर वर्षानुवर्षं १२५ टक्के कस्टम ड्युटी आणि त्यावर अधिभार होता. २०२५ च्या बजेटात ड्युटी ७० टक्के केली, पण ६७.५ टक्के कृषी सेस लावला. बेरीज पूर्वीही १३७.५, आताही १३७.५. म्हणजे मुंबईत उतरेपर्यंत भाडं-विमा धरून दहा लाखांना पडलेली गाडी ड्युटीनंतर २३ लाख ७५ हजारांची होते. त्यावर जीएसटी वेगळा, आणि आपल्या राज्याचा रोड टॅक्स वेगळा. सेस कृषीचा, पण गाडी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर! गंमत म्हणजे हरियाणात बनलेली पाच दारांची जिम्नी २०२५ मध्ये जपानला जायला लागली आणि तिथं चार-पाच दिवसांत ५० हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या, बुकिंग थांबवावं लागलं. आपण त्यांच्या गाडीकडं बघतोय, ते आपल्या.

मग राहिली दिल्ली. २०१५ मध्ये हरित लवादानं दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. पुढं त्यात बरीच मागं-पुढं झाली, पण लोकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. त्यामुळं तिकडं आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी मालक लवकर सोडतो. आपल्याकडं फोर व्हीलवाली स्कॉर्पिओ शोधून सापडत नाही, तिथं एका दिवसात पाच बघितल्या.

माझ्यासोबत गावचा मिस्त्री होता. त्याचं तिकीट, जेवण आणि चार दिवसांची मजुरी मी दिली. काहींना तो खर्च जास्त वाटेल. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसनं गेलो. पहिली गाडी चकाचक होती, पण चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळेना. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इथं चहासुद्धा घ्यायचा नाही, चला." दुसरीचं फोर व्हीलचं बटण फिरवलं की दिवा लागायचा, पण पुढची चाकं ओढत नव्हती. त्यानं कच्च्यात नेऊन, मागचं चाक खड्ड्यात घालून दाखवलं. तिसरीच्या गिअर ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा. चौथी कर्जावर होती आणि बँकेचा दाखला नव्हता. पाचवी घेतली. २०१६ ची, एका मालकाची, चार लाख तीस हजारांना.

कागदांचं सांगतो, हे जपून ठेवा. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलाचे २९ आणि ३०. कर्ज असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र. आपल्याकडं नवा नंबर घ्यायला २७. जुनी चलनं भरल्याची खात्री, विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज. महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो, पण भरावा लागतोच. तिकडं भरलेल्यातला उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या नावावर असतो, म्हणून व्यवहाराच्या वेळीच बोलून घ्या. माझ्या कागदांना अडीच महिने लागले. चार नवे टायर, क्लच, टॅक्स, प्रवास, मिस्त्रीची मजुरी, सगळं धरून गाडी साडेपाचच्या थोडी पुढं गेली. नुसता ४ लाख ३० हजारांचा आकडा ऐकून कुणी दिल्लीची गाडी पकडू नका.

येताना मुंबई-आग्रा रस्त्यानं आलो. ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, मग सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव. चांदवडला चहा घेताना मिस्त्री बोनेट उघडून म्हणाला, "ही मूळची आपल्या नाशिकचीच की." खरंय. स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली तीच नाशिकच्या कारखान्यातून. म्हणूनच तिचा पार्ट दिंडोरी, पिंपळगावला मिळतो आणि सांधा खोलणारा माणूस गावोगाव आहे.

माझं मत एवढंच. गाडी कुठं स्वस्त मिळते तिथून विचार सुरू करू नका. ती कुठं बंद पडणार आहे तिथून करा. माझी बंद पडली तर रात्री दोनला विहिरीच्या वाटेवर पडणार. तिथं लँड क्रूझरचा सेन्सर कोण बदलणार? आणि दारात उभ्या गाडीवर एमएच-१५ चा कायदेशीर नंबर नसेल तर ती कितीही डोंगर चढो, विकताना भंगारच.

फोर व्हील असलेल्यांना एक सूचना. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळू नका, गिअरबॉक्स ताणला जातो. चिखल लागला की लावायचं, डांबरी आली की काढायचं.

या आठवड्यात रात्रपाळीची लाईट आहे. काल दीडला वाटेत टिटव्या ओरडत होत्या, म्हणजे उसाजवळ काहीतरी होतं. काचा वर, हेडलाईट चालू, मोटर सुरू करून वीस मिनिटांत परत. पोरगा घरी झोपलेला होता, सकाळी त्याची परीक्षा होती.

टोमॅटोचा चौथा तोडा परवा. करपा थोडा दिसतोय, त्याचं उद्या लिहितो. गाडीबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मिस्त्रीलाही विचारून सांगतो, तो माझ्यापेक्षा जास्त जाणतो.