नाही म्हणणाऱ्याची बाजू

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली आगगाडी, साल १८९३ च्या आसपासचं. डब्यात तिशी नुकतीच ओलांडलेला एक मराठी कवी बसला आहे. शेजारच्या गोऱ्या प्रवाशाशी त्याचं बोलणं सुरू होतं आणि होता होता ते धर्मावर येऊन ठेपतं. निरोप घेताना तो प्रवासी नव्या कराराची प्रत कवीच्या हातात ठेवतो आणि सांगून टाकतो, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल. कवीला ते काही खरं वाटत नाही. पण पुस्तक उघडलं जातं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी मन अडकतं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा होतो. तो प्रवासी कोण होता, हे शेवटपर्यंत कोडंच राहिलं.

अनोळखी माणूस, भाकीत, दोन वर्षांची मुदत. रहस्यकथा लिहिणारा कुणीही हा प्रसंग पहिल्या प्रकरणात घालील. मला मात्र या गोष्टीतली खरी धडधड त्या डब्यात ऐकू येत नाही. ती ऐकू येते टिळकांच्या बायकोच्या छातीत. लक्ष्मीबाई कमालीच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या. नवरा कधी उठून कुठे निघून जाईल याचा नेम नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण आता तो धर्मच सोडून गेला होता. नवऱ्याने आपला निर्णय केला. बायकोने काय करायचं? इथून पुढची गोष्ट कुठल्याच भाकितात नव्हती.

श्रद्धेच्या गोष्टीत उत्कंठा कुठून येते, हा प्रश्न मला वसमतमध्ये बसून नवा वाटत नाही. आमच्याकडची माणसं ही उत्कंठा लहानपणापासून कानांनी पीत आलेली असतात. नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ, दोन्ही आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी ज्याचं मडकं कच्चं ठरवलं, तो नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याच्या देवळात येतो, आणि पाहतो तो काय, विसोबा खेचर महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेले. नामदेव त्यांना पाय काढायला सांगतो. विसोबा म्हणतात, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. ही गोष्ट मी किती बुवांच्या तोंडून ऐकली असेल! शेवट मंडपातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. तरीही बुवांनी ‘नामदेवरायांनी पाय उचलले’ म्हणून टाळ थांबवला, की सगळा मंडप श्वास रोखतो.

शेवट माहीत असल्याने उत्कंठा मरत नाही, हे मी त्या मंडपात शिकलो. उत्कंठा टिकते, कारण नामदेव पाठ फिरवून निघून जाऊ शकला असता. ज्याच्या हातून प्रत्यक्ष विठ्ठल जेवला, त्याला या अमंगळ दिसणाऱ्या म्हाताऱ्याची काय गरज होती? नामदेवाचा संताप खोटा नव्हता. त्याचं ‘नाही’ रास्त होतं, आणि म्हणून त्याच्या ‘हो’ला वजन आलं.

बायबल मी पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा हाच श्वास पुन्हा रोखला गेला. अब्राहाम मुलाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे तीन दिवस चालतो. वाटेत मुलगा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, पण होमाचं कोकरू कुठे आहे? त्या तीन दिवसांत बापाच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात एक शब्द नाही. लिहिणाऱ्याने ती जागा कोरी सोडली. आणि पेत्र! त्याच्या प्रसंगाला तर डोंगरही लागत नाही. प्रमुख याजकाच्या वाड्यातलं अंगण, थंडी म्हणून पेटवलेली शेकोटी, आणि एक मोलकरीण विचारते, तूही त्याच्याबरोबर होतास ना? ना तलवार, ना सिंहासन. एका मोलकरणीच्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे, आणि तेवढ्यात एका माणसाचं सगळं आयुष्य पणाला लागतं. पेत्र नाकारतो. एकदा, दोनदा, तीनदा. ख्रिस्ती मंडळींनी आपल्या सर्वांत थोर शिष्याचं हे नाकारणं चारही शुभवर्तमानांत जपून ठेवलं, याचं मला आजही नवल वाटतं आणि आदरही.

एवढा वारसा पाठीशी असताना आजच्या ख्रिस्ती थरारकथा पुष्कळदा वेगळ्या वाटेने जातात. अमेरिकेत या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला तो फ्रँक पेरेट्टी यांच्या १९८६ च्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’पासून. एका लहान गावाच्या माथ्यावर देवदूत आणि सैतानाचे दूत झुंजतात, खाली माणसं प्रार्थना करतात. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, आणि वेग पाहिला तर तो खप पटतोही. पण पुस्तक मिटल्यावर एकाही माणसाचा निर्णय माझ्यासोबत उरला नाही. वाईट माणूस वाईट का, तर त्याच्या मानेवर भूत बसलंय. मग त्याने निवडलं काय?

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जपानी कादंबरीकार शूसाकू एंडो यांची १९६६ ची ‘सायलेन्स’. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी. येशूची प्रतिमा कोरलेला पत्रा जमिनीवर ठेवतात आणि संशयिताला त्यावर पाय द्यायला लावतात. पोर्तुगीज पाद्री रॉड्रिग्ज हुतात्मा व्हायला तयार आहे. पण पेच असा घातलेला, की त्याने पाय दिला नाही तर छळ दुसऱ्यांचा होणार, खड्ड्यावर उलट्या टांगलेल्या गरीब शेतकऱ्यांचा. आता पाय देणं पाप की न देणं? एंडो स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते आणि त्यांनी हा प्रश्न वाचकासाठी सोपा केला नाही. माझ्या लेखी श्रद्धेची थरारकथा ती ही.

अशा पेचाची एक रात्र माझ्याही वाट्याला आली, आणि हे सगळं मी इतक्या जीव तोडून का सांगतोय ते त्या रात्रीमुळे. आमच्या नात्यात धुऱ्याचा वाद होता. चुलत्यांनी धुरा नांगराच्या दोन तासांनी पलीकडे सरकवला होता आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पलीकडचा शेतकरी नात्याचा नाही, परिस्थितीने पिचलेला. साक्षीला त्याने माझं नाव दिलं. आणि याच काकांनी नांदेडच्या माझ्या कॉलेजची फी भरलेली, तीही हळद मोंढ्यात पडत्या भावाने घालून. घरात मला कुणी काही सांगितलं नाही. आईने फक्त विचारलं, ‘सकाळी किती वाजता निघायचंय?’ रात्रभर मी दोन्ही बाजूंनी वकिली केली आणि दोन्ही बाजू जिंकत राहिल्या. सकाळी मी जे पाहिलं ते सांगितलं. त्यानंतर काका आमच्या घरी जेवायला बसले नाहीत. साक्ष देताना काय बोललो ते आता नीट आठवतही नाही. ती रात्र मात्र आठवते, कारण त्या रात्री गप्प बसण्यामागेही कृतज्ञता होती, केवळ भित्रेपणा नव्हता.

म्हणून बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ वाचताना माझी ओढाताण होते. १८५७ ची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. बेळगावात जन्मलेल्या, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या एका तरुणाने ती विधवांच्या दुःखाने कळवळून लिहिली. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ मध्ये झालेला. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात, विधवांच्या हालाच्या कहाण्या ऐकतात. दोघांच्या मनात ख्रिस्तावरची श्रद्धा रुजली आहे, पण उघड बोलायची सोय नाही. भरल्या घरात मनातला देव लपवून जगणारी सून! मराठी कादंबरीच्या पहिल्याच पावलाला हे विलक्षण बीज पडलं होतं. यमुनेचा तो चोरटा, भीतीने भरलेला काळ मला अजून वाचावासा वाटतो. पण पुढे वादविवाद गोष्टीवर चढून बसतात. समोरचा बोलतो तो हरण्यासाठीच. पदमनजींच्या तळमळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, स्वतः घरदार दुखावून त्यांनी ही वाट धरली होती. ज्यांना आपण दुखावलं त्यांचं म्हणणं तितक्याच ताकदीने त्यांना मांडता आलं असतं, तर मराठी कादंबरीचा पुढचा रस्ताच कदाचित निराळा झाला असता.

ते काम पुढे पाऊणशे वर्षांनी लक्ष्मीबाईंनी केलं, आणि कादंबरी न लिहिता केलं. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिताहेत, निकाल लागून कैक वर्षं उलटली आहेत. तरी त्या आपल्या जुन्या नकाराला कमीपणा येऊ देत नाहीत. चार-पाच वर्षांची ताटातूट, पंढरपूरचे दिवस, नातेवाइकांची माया आणि त्यांचा जाच, सगळं जसंच्या तसं. टिळकांकडे परतल्यावरही बाईंचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. नवऱ्यावर जीव आहे, म्हणून त्याचा देव मान्य करायचा, हा सौदा त्यांनी केला नाही. मग एका रात्री त्या एकट्याच विचार करत बसतात, की ही जातीची उतरंड देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसाच्या अंगावर तिची काही खूण दिसली नसती का? कुणी पाद्री तिथे नव्हता, टिळकही नव्हते. त्या रात्रीनंतर शिवाशिव गळून पडली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या वाटेने. माझ्या ओळखीच्या कुठल्याही थरारकथेत मला इतकी वाट पाहावी लागलेली नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं, तर असं साहित्य आमच्या मातीत पुरलेलं आहे, जरी त्याची सुरुवात मुंबईत होते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोवळ्या वयाचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिलेला. बापाने कोर्टात धाव घेतली आणि मुलगा बापाकडे आला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले, आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका घरात दोन भाऊ, मध्ये बाप, मध्ये कोर्ट, मध्ये धर्मसभा. त्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला मनातून काय हवं होतं, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे आलेली माणसं बहुतेक दलित समाजातली. वेशीबाहेरच्या माणसाला ‘आत ये’ म्हणणारा देव भेटला, तर त्याच्या निर्णयात भाकर किती, मान किती आणि प्रार्थना किती, हे तराजूत घालून कोण सांगणार? मिशनच्या अहवालांत त्यांची संख्या सापडते. त्यांची आदली रात्र कुठेच सापडत नाही.

आणि तो पेच संपलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. म्हणजे एखाद्या घरात बाप रविवारी चर्चला जातो, पोरीला वैद्यकीयला प्रवेश घ्यायचा आहे, आणि अर्जातल्या धर्माच्या रकान्यासमोर पेन थांबलंय. खरं लिहावं तर पोरीची अनुसूचित जातीची सवलत जाते. खोटं लिहावं तर ज्याच्यासाठी आजोबांनी गाव सोसलं, त्यालाच नाकारायचं. शेकोटीजवळचा पेत्र आता सेतू केंद्राच्या रांगेत उभा आहे.

ही कादंबरी मराठीत कुणीतरी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि ती लिहिणारा किंवा लिहिणारी त्या घरातून आलेली असावी. तिच्यात पोरीला पूर्ण बोलू द्यावं. बापाला बोलू द्यावं. ‘लिही बाई हिंदू, देवाला कळतंय’ म्हणणाऱ्या आजीलाही तितकंच बोलू द्यावं, कारण तिची श्रद्धा कदाचित त्या दोघांपेक्षा जुनी आणि घट्ट असेल. अर्ज घेणाऱ्या कारकुनालाही एक पान मिळावं. आणि रकान्यात काय लिहिलं गेलं ते शेवटच्या पानावर सांगितलं तरी चालेल, पहिल्या पानावर सांगितलं तरी मी ती सबंध वाचीन.