चोवीस व्होल्टचे गाव

सिल्वासा म्हटले की आम्हा गोमंतकीयांना आधी आठवते ते १९५४ साल. फ्रान्सिस मास्करेन्हस आणि त्यांच्या सोबत्यांनी जुलैत दादरा मोकळे केले, २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाचे लोक सिल्वासात शिरले, त्या मोहिमेत सुधीर फडके होते... शाळेपासून ऐकत आलेल्या या गोष्टी. पण त्यानंतरच्या सिल्वासाबद्दल आपण फारसे विचारत नाही. मुक्ती झाली, पुढे काय? पुढे कारखाने आले. सवलतींच्या काळात इतके आले की दमणगंगेच्या काठचा हा वारली, कोकणा, धोडिया लोकांचा मुलूख आज धाग्याच्या आणि प्लास्टिकच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो.

बहीण आमलीत राहते, म्हणून माझे तिकडे येणेजाणे. मागच्या मुक्कामात एक गंमतीदार प्रश्न समोर आला. गंमतीदार म्हणतो खरा, पण ज्याच्यापुढे तो होता त्याची झोप उडाली होती.

भाच्याचा एक मित्र आहे. वय सतराच्या आसपास, आई एका कारखान्यात पॅकिंगला. सहा बिऱ्हाडांच्या चाळीत राहतात. चाळीला खालच्या टाकीत ठरलेल्या वेळी पाणी येते, ते पंपाने वरच्या टाकीत चढवायचे. पंप बंद करायला कोणीतरी विसरतो, वरची टाकी भरून वाहते, निम्मे पाणी गटारात जाते आणि संध्याकाळी सहा घरांत भांडण. या मुलाने जाहीर करून टाकले, “मी आपोआप बंद होणारे सर्किट बनवतो.” प्रत्येक घराने पन्नास रुपये दिले. तीनशे जमले. आता माघार नाही! तीनशे रुपये म्हणजे आपल्याला काही नाही, पण लोकांची वर्गणी बुडवणारा पोरगा असे नाव एकदा चाळीत पडले की ते पुसत नाही. त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, पैशाचं नाही हो, शब्दाचं आहे.”

त्याने नेटवरून आराखडा उतरवून घेतला होता. त्यात एक आर्डुइनो बोर्ड. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मलेली ही वस्तू. तिचा आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे तिच्या स्वस्त नकला जगभर निघतात. पण तरीही बोर्ड, सेन्सर, रिलेचे मॉड्यूल, पॉवर सप्लाय असे सगळे धरले तर तीनशेत बसेना. मग दुसरा आराखडा निघाला, ५५५ टायमरचा. हान्स कामेनझिंद या स्विस माणसाने १९७१ साली आखलेली ही चिप आजही शिकाऊ मंडळींची लाडकी आहे. चिप तशी दहा-वीस रुपयांची, पण घरपोच मागवावी तर टपालखर्च चिपच्या कितीतरी पट. घोड्यापेक्षा लगाम महाग!

सिल्वासात शोधायला निघालो तर आणखी मजा. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत त्यांना लागतात तेवढेच भाग. एका दुकानात चिप होती, पण पाकीट फोडून एक देणार नाही म्हणाला. मोबाइलच्या दुकानांत तर ५५५ म्हटल्यावर त्यांना विडीचा कट्टा वाटला! वापीला गेलो, तिथे काही मिळाले, काही नाही. शेवटी सगळ्यांचे उत्तर एकच, “मुंबईला जा, लॅमिंग्टन रोड.”

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ‘शोले’ वर्षानुवर्षे चाललेले मिनर्व्हा थिएटर याच रस्त्यावरचे. पुढे हा रस्ता रेझिस्टर-कपॅसिटरची पंढरी झाला. वापीहून फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रल गाठले की तिथून चालत जाता येते. पण वीस रुपयांच्या मालासाठी पावणेदोनशे किलोमीटर जायचे आणि परत यायचे, दिवस मोडायचा?

मला तेव्हा हेगच्या न्यायालयातला तो खटला आठवला. १९५४ नंतर दमणहून दादरा-नगरहवेलीला जाण्याचा हक्क मागायला पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने त्याविरुद्ध काही केलेले नाही, असा तो निकाल. पोर्तुगालच्या हाती त्यातून काही आले नाही. पण मालाला दुसऱ्याच्या मुलखातून यावे लागणे ही या भूमीची जुनीच कथा. आजही सिल्वासाचे रेल्वे स्टेशन म्हणजे गुजरातेतले वापी!

असो. तर तोडगा निघाला तो अगदी अनपेक्षित माणसाकडून. बाजारात एक वयस्क मेकॅनिक आहेत. पूर्वी कारखान्यात कंट्रोल पॅनेल बांधायचे, आता किरकोळ दुरुस्त्या करतात. त्यांनी मुलाचा कागद पाहिला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, “बाळा, हा कागद दुसऱ्या गावाचा आहे. आपल्या गावात काय पडलंय ते आधी बघ, मग सर्किट काढ.”

आणि काय पडले होते? कारखान्यांतली यंत्रे चालवणारी बहुतेक पॅनेले आतून २४ व्होल्ट डीसीवर चालतात. जुने पॅनेल मोडीत निघाले की २४ व्होल्टचे पॉवर सप्लाय, आठ पायांचे रिले, त्यांची बैठक, काँटॅक्टर, असे सगळे भंगारवाल्याकडे येते. नेटवरचे बहुतेक आराखडे पाच नाहीतर बारा व्होल्टची भाषा बोलतात. सिल्वासाची भाषा चोवीसची! पोरगा आठवडाभर ज्यासाठी वणवण करत होता त्याचा मोठा हिस्सा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर किलोने विकला जात होता.

मेकॅनिककाकांनी मग दुसरे सर्किट काढून दिले. त्यात चिपच नाही. ज्यांना नाद आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाकीत स्टीलच्या तीन सळया. एक तळापर्यंत, ती समाईक. दुसरी खालच्या पातळीला, तिसरी अगदी वर. पाणी वरच्या सळीला टेकले की पाण्यातून किंचित प्रवाह जातो, जोडीने लावलेले दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर तो वाढवतात, रिले ओढला जातो आणि पंप बंद. आता गंमत अशी की रिलेला संपर्काच्या दोन जोड्या असतात. एक जोडी पंप तोडते, तर दुसरी त्याच क्षणी खालच्या सळीला जोडून घेते. त्यामुळे पाणी वरून उतरले तरी रिले सुटत नाही. खालची सळीही कोरडी पडली की मगच सुटतो आणि पंप पुन्हा सुरू. म्हणजे आठवण ठेवण्याचे जे काम चिप करणार होती, ते रिले स्वतःच करतो.

बीसी ५४७ हा ४५ व्होल्टपर्यंतचा गडी, त्यामुळे चोवीसला तो डगमगत नाही. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड मात्र हवाच, नाहीतर रिले सुटताना उसळणारे व्होल्टेज ट्रान्झिस्टरचा बळी घेते. आणि काकांनी एक गोष्ट दोनदा बजावली. पंपाची मोटर या रिलेवर थेट घालायची नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, लहान रिलेचे संपर्क चिकटून बसतात आणि मग पंप बंदच होत नाही. म्हणून रिलेने फक्त काँटॅक्टर चालवायचा, मोटरचा भार काँटॅक्टरने उचलायचा. त्या २३० व्होल्टच्या बाजूला मुलाने हात लावायचा नाही, ते काम वायरमनचे.

हिशेब असा झाला. भंगारातला पॉवर सप्लाय शंभर, काँटॅक्टर एकशे वीस, बैठकीसकट रिले पन्नास. ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर मिळून पंधरा रुपये, ते टीव्हीवाल्याकडेच मिळाले. दोनशे पंच्याऐंशी! प्रत्येक भाग घ्यायच्या आधी काकांनी आपल्या टेबलावर लावून तपासला. पहिला पॉवर सप्लाय मेलेला निघाला, तो भंगारवाल्याने कुरकुर न करता बदलून दिला. सळया चाळीतल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने दिल्या, वायरमनही तिथलाच. चौथ्या दिवशी टाकी भरली, कट्ट् असा आवाज झाला आणि पंप थांबला. खाली सहा घरांतली माणसे मान वर करून उभी होती. उरलेले पंधरा रुपये मुलाने हिशेबाच्या कागदाला टाचून ठेवले आहेत.

हे यंत्र अमर नाही. डीसी प्रवाहाने सळया हळूहळू खराब होतात, अधूनमधून घासाव्या लागतील. वायर तुटली तर टाकी पूर्वीसारखीच वाहील. हे सगळे त्याने कागदावर लिहून पंपाशेजारी चिकटवले आहे, मराठीत आणि गुजरातीत.

आपल्याकडे फोंड्या-म्हापशातही शिकणारी पोरे भाग मिळत नाहीत म्हणून रडतात, आणि ती तक्रार खोटी नाही. चार-पाच जणांनी मिळून एकदम मागवले तर टपालखर्च वाटला जातो, हा एक उपाय झालाच. पण वेर्णा, कुंडई, बेतोडा इथेही औद्योगिक वसाहती आहेत आणि तिथलीही पॅनेले कधीतरी मोडीत निघतातच. तेव्हा आराखडा नेटवरून घ्या, जरूर घ्या, पण तो हातात धरून आधी आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे आणि एखाद्या निवृत्त मेकॅनिककडे एक चक्कर मारा. माल स्वस्त मिळेल तो मिळेल, पण तो कुठे, कसा आणि कशाला जोडायचा हे सांगणारा माणूस कुरियरच्या खोक्यातून येत नाही.