ऊन कागद

झेरॉक्सच्या यंत्रातून नुकत्याच बाहेर आलेल्या कागदाला एक ऊब असते. क्षणभराचीच, पण असते. आणि त्या उबेला वास असतो, किंचित जळकट, किंचित गोडसर. पावसाळ्यात दुकानाच्या भिंती ओल धरतात तेव्हा तो अधिकच दाटतो आणि बाहेरच्या चिखलाच्या, भिजलेल्या छत्र्यांच्या, वडे तळल्याच्या वासांतूनही नेमका वेगळा ओळखू येतो. आमच्या धाकट्याला तो फार प्रिय. कागद हातात पडला की तो आधी गालाला लावतो, डोळे मिटतो, आणि ऊब विरेपर्यंत जागचा हलत नाही. मागे रांग असते, रांगेतल्या माणसांना गाडी गाठायची असते. दुकानदार मात्र जुना, ओळखीचा. तो एक कोरा कागद यंत्रातून उगाच फिरवून त्याच्या हाती देतो आणि त्याचे पैसे धरत नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. केस पिकले, चष्मा लागला, तरी घरात त्याला दुसरं नाव चिकटलं नाही. डोंबिवलीतल्या आमच्या त्या जुन्या इमारतीत, जिन्यात, गच्चीवर, खालच्या वाण्याकडे, तो सगळ्यांचाच धाकटा. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेली पोरंसुद्धा त्याला तसंच हाक मारतात, आणि तोही त्यांना तितक्याच मोठेपणानं 'काय रे' म्हणतो.

हे कागद त्याच्याचसाठी निघत होते. ठाण्याला कोर्टनाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीची बैठक भरते. मतिमंद, स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेली, बहुविकलांग अशी मुलं अठराची झाली की त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमायचा तो तिथे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९चा. बाबा होते तोवर आम्ही तिकडे फिरकलो नाही. बाबा असताना कशाला पालक हवा? मग बाबा गेले. रेल्वेची त्यांची पेन्शन आईच्या नावावर आली, आणि आईच्या पश्चात ती धाकट्याला आयुष्यभर मिळावी अशी नियमात सोय आहे हे कळलं, पण त्या सोयीच्या दारावरही पालकत्वाचा कागद लागतो हे त्याच्याच पुढच्या वाक्यात कळलं. आई त्या दिवशी दुपारभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "फाइल काढ खाली."

फाइल माळ्यावर होती. बाबांनी लावलेली; निळा पुठ्ठा, पांढरी नाडी, आणि आत त्यांच्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक नोंद. जन्मदाखला. शाळेचा दाखला. एलआयसीच्या 'जीवन आधार'चे कागद, बाबांनी हप्ता कधी चुकवला नाही त्या पॉलिसीचे. ती विकलांग मुलासाठी बापाच्या नावावर काढायची आणि पैसे मुलाला मिळायचे ते बाप गेल्यावर. मला लहानपणी ती पॉलिसी आवडायची नाही. आमच्या कपाटात कुणीतरी बाबांच्या मरणाची पावती आणून ठेवलीय असं वाटायचं. आता त्या पिवळ्या कागदावरून हात फिरवताना वाटतं, एवढ्या निमूटपणे स्वतःच्या नसण्याची तरतूद करताना त्यांना काय वाटत असेल! विचारायचं राहिलंच.

आणि ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं पहिलं प्रमाणपत्र. विठ्ठल सायन्ना रुग्णालयाची ती जुनी इमारत आता पाडलीय, तिथे नवं मोठं रुग्णालय उभं राहतंय. पण त्या कागदाला अजून त्या लांबलचक ओट्यांचा, फिनेलचा, बाकावर अंग चोरून बसलेल्या आयांच्या डब्यांचा वास आहे, किंवा मला तरी तो येतो. ७५ टक्के, असं त्यावर लिहिलंय. मध्यम मतिमंदत्व म्हणजे ७५, हे कोष्टक ठरलेलं आहे. पुढे दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आलं तेव्हा त्यावर पिवळा रंग आला, चाळीस ते ऐंशी टक्क्यांमधल्यांचा. धाकट्याला तो रंग पसंत पडला. ते कार्ड तो खिशात ठेवतो आणि लोकलमध्ये कुणीही न विचारता दाखवतो.

हे टक्के कुठून येतात याचं मला तेव्हा फार कुतूहल होतं. बुद्धी मोजायला कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बिनेची चाचणी, आणि रोजचं वागणं मोजायला व्हाइनलंडची फूटपट्टी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलंडच्या शाळेत एडगर डॉल यांनी ती १९३५मध्ये तयार केली, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती भारतीय मुलांच्या अंगाला बसेल अशी करून घेतली, ८९ बाबींची. आणि ती फिरत फिरत एका दमट दुपारी आमच्या आईसमोर येऊन बसली. पेल्यानं स्वतः पाणी पितो का. बटणं लावतो का. ओळखीच्या वस्तू आणून देतो का. साधे धोके टाळतो का. शेजारपाजारी एकटा जातो का. डॉल यांच्या मूळ यादीत सांताक्लॉज खरा नसतो हे मुलाला उमगलंय का, अशीही एक बाब होती, हे मी पुढे कधीतरी वाचलं आणि एकटीच हसले. धाकट्याचा ठाम विश्वास आहे की गणपती रात्री उठून मोदक खातो. आमची अख्खी सोसायटी भाद्रपदात दहा दिवस तेच म्हणते. तिचे टक्के कुणी काढले नाहीत.

समितीसमोर जाताना सोबत एक टिपण असावं, असं त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी सुचवलं. त्यांनी पुष्कळ आईबापांना या वाटेवरून नेलंय. "एका पानात लिहा," त्या म्हणाल्या, "स्वतः काय करतो आणि कशाला मदत लागते. आणि ताई, कौतुक सांगू नका हं. तिथे त्याचा सगळ्यात वाईट दिवस सांगायचा."

सगळ्यात वाईट दिवस. मी जेवणाच्या टेबलाशी बसले, कागदावर मधोमध उभी रेघ मारली. आई पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यांना तेल लावत. धाकटा गॅलरीत. रात्रीचं जेवण उरकलेलं, खालच्या रिक्षांचा गलका ओसरलेला, आणि लांबून गाड्यांची ती धडधड, जी आम्हा डोंबिवलीकरांना ऐकू येत नाही, थांबली की मात्र जाग येते.

"आंघोळ?" मी विचारलं.

"करतो की."

"पाणी कोण काढतं?"

"मी."

"साबण?"

"मी लावून देते पाठीला. पण आंघोळ तो करतो."

"दाढी?"

"शनिवारी मी करते. बाकी तो करतो."

बाकी काय उरतं, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. जेवण करतो, भाजीतल्या मिरच्या ती वेचून ठेवते. कपडे घालतो, ती ते उलटसुलट बघून खुर्चीवर क्रमानं मांडते, आधी बनियन, मग सदरा, मग पँट, आणि तो क्रम चुकला की तो तास तास तसाच उभा राहतो. औषध घेतो, ती हातावर ठेवते, पाण्याचा घोट घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या कंठाकडे बघते. रात्री झोपतो, त्याला झटका आला तर कळावं म्हणून तिच्या साडीचा पदर ती त्याच्या मनगटाखाली सरकवून ठेवते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. एवढी वर्षं! आई सांगत गेली, सहज, वाण्याची यादी सांगावी तशी, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाली, "तसं त्याचं तो करतो."

रेघेच्या डावीकडे मी लिहीत होते, 'स्वतः करतो', आणि उजवीकडे आई उतरत होती. तिचा हात, तिचे डोळे, तिची जागरणं. त्याला काय येत नाही हे लिहायला मी बसले होते, आणि लिहून झालं ते आईचं दिवसभराचं वेळापत्रक. पहाटेपासून पुढच्या पहाटेपर्यंत. एवढ्या कामाला माणूस लावायचं तर किती पैसे लागतील, पेन्शनमध्ये बसतील का, दिवसाला एक बाई पुरेल की दोन, हाही हिशेब टिपणाच्या पाठीवर करायचा होता. तो आई समोर बसलेली असताना, तिच्याच आवाजात विचारून, तिच्या नसण्याचा भाव काढत करायचा. मी पेन खाली ठेवलं. आई म्हणाली, "लिही ना. मध्येच काय थांबलीस?"

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३८ आहे. ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणी अर्ज करावा, तज्ज्ञांच्या मंडळानं गरज पारखावी आणि त्याप्रमाणे आधार मिळावा, असं त्यात म्हटलंय. कागदावर सुंदर आहे ते. मी ते पुन्हा पुन्हा वाचते, आवडत्या गावाचा नकाशा बघावा तसं. तोवर आमच्यासारख्यांच्या हाती जे पडतं ते तुकड्यातुकड्यांनी: न्यासाची 'निरामय' विमा योजना, वर्षाला लाखापर्यंतच्या औषधपाण्याची, रेल्वेची सवलत, ज्यांचं उत्पन्न अगदीच थोडं त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे. शाळेच्या फाटकाशी पूर्वी भेटणारी एक आई परवा बाजारात भेटली, सांगत होती की दीड हजाराचे अडीच झाले. तिच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. अडीच हजारांत काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या चेहऱ्याकडे एकदा बघावं, आणि अडीच हजारांत सगळं झालं असं समजणाऱ्यांनी तिच्या घरी एक रात्र काढावी.

टिपणात एक ओळ मात्र मी बाईंचं न ऐकता घातली. 'शेजारपाजारी एकटा जातो का' याचं उत्तर तेव्हा 'नाही' असं गेलं होतं, आणि ते खरंच आहे; रस्ता ओलांडताना तो डावीउजवीकडे बघत नाही. पण गॅलरीत बसून, पाठ रुळांकडे असली तरी, तो गाडी फास्ट की स्लो ते आवाजावरून सांगतो. बाबा त्याला रविवारी ठाण्याला न्यायचे, फास्टनं, केवळ पारसिकच्या बोगद्यासाठी. मुंब्र्याचा डोंगर जवळ आला की धाकटा बाबांच्या मांडीवर दोन्ही तळवे टेकवायचा. मग एकाएकी काळोख, डब्यातला गार झालेला वारा, आवाज चारही बाजूंनी अंगावर; आणि त्या आवाजात मिसळून तोही ओरडायचा, मनसोक्त, कारण तिथे कुणाला ऐकू जात नसे. घरी ओरडला की खालचे काठी आपटायचे. बोगदा संपला की तो शांत, हसरा, घामेजलेला. तेवढा एक ओरडा त्याला आठवडाभर पुरायचा. पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून लोकल त्या बोगद्यातून जात नाहीत, लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. आम्ही कोर्टनाक्याला जाऊ तेव्हा मुंब्र्यापाशी तो तळवे टेकवेल माझ्या मांडीवर, हे मला ठाऊक आहे, आणि बोगदा येणार नाही. त्याला ओरडायला जागा हवी, असं मी टिपणात लिहिलं. मदतीच्या बाजूला.

पालक नेमला की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. कायदा शहाणा आहे. भावाबहिणींनी काय काय केलंय ते त्याला माहीत असणार. मी आतापासूनच यादी मनात जुळवतेय. बँकेतलं एक खातं. बाबांचं मनगटी घड्याळ, बंद पडलेलं, पण त्याचंच. पुठ्ठ्याच्या जुन्या रेल्वे तिकिटांचा बिस्किटाचा डबा. आणि गादीखाली कोऱ्या झेरॉक्सचा गठ्ठा, एकाही कागदावर काहीही नसलेला. हे कुठल्या रकान्यात घालायचं?

डोंबिवलीजवळ खोणीला 'घरकुल' आहे, अमेय पालक संघटनेतल्या आईबापांनी आपल्या मतिमंद मुलांना राहण्यासाठी उभं केलेलं. आपल्यानंतर काय, या प्रश्नाला नुसतं कुरवाळत न बसता त्यांनी त्याला भिंती घातल्या, छप्पर घातलं, मुलांना दिनक्रम दिला. बाबा एकदा आम्हाला तिथे घेऊन गेले होते. तेव्हा वाटेवर शेतं लागायची. आता पलावा वसाहतीचे मनोरे. परतताना बाबा काही बोलले नाहीत, आईच म्हणाली, "माणसं मायेची आहेत. जागाही छान. पण याला गाड्या ऐकू यायच्या नाहीत." तेव्हा मला ते लेकराला सोडवत नसलेल्या आईचं निमित्त वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

अर्जात पालक म्हणून माझं नाव आहे. मीही साठीच्या उंबरठ्यावर. समिती विचारणारच, तुमच्यानंतर कोण? नाशिकला असलेल्या माझ्या मुलीचं नाव ओठांवर येतं आणि मी ते गिळते. तिचा संसार, तिची नोकरी, तिनं हे का उचलावं; आणि तिला विचारायचं तरी कोणत्या तोंडानं, कारण मायेनं विचारलं तर ती नाही म्हणू शकणार नाही, आणि तिला नाही म्हणता यायला हवं. ती जागा मी कोरी ठेवली होती. बैठकीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला, आजीनं तिला परस्पर सगळं सांगून टाकलं होतं.

"माझं नाव लिही," ती म्हणाली.

"अगं, नीट विचार कर. घाई नाहीये."

"मी विचार केलाय. आणि मामालाही विचारलंय, काल, फोनवर."

मी गप्प झाले. एवढे कागद, एवढे शिक्के, एवढ्या रात्री टेबलाशी, आणि त्याला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"मग? काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला. पण नाशिकला येणार नाही. तिथे लोकल नाही."