बगाडाला आले ते राहिलेच

रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून निघालेला तो अवजड लाकडी गाडा बैलांच्या जोड्या शिवारातून ओढत गावात आणतात. वर शिडाला बांधलेला बगाड्या नवस फेडत असतो आणि मागंपुढं गुलालानं माखलेली सारी पंचक्रोशी चालत असते. वाई तालुक्यातला मुंबईकर दुसऱ्या कुठल्या सणाला येवो न येवो, बगाडाला येणारच. पाळी बदलून, रजा टाकून, कुणाकडून चार पैसे उसने घेऊन. आला की दोन दिवस राहायचा आणि रात्रीच्या एसटीनं परत फिरायचा, कारण गिरणीचा भोंगा कुणासाठी थांबत नसे.

1982 साली आमचे तात्या बगाडाला आले ते राहिलेच.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्या वर्षी 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बघता बघता परळ-लालबागच्या खोल्यांना कुलपं लागायला लागली. पगार नसताना शहरात बसून खाणं कुणालाच झेपत नव्हतं. कोकणातला कोकणात गेला, घाटावरचा घाटावर. आमची थोरली आई, म्हणजे तात्यांची बायको, पोरांच्या परीक्षा उरकेपर्यंत कशीबशी तिथं थांबली आणि एप्रिल सरता सरता थोरला दादा, माई आणि बारका अशा तिघांना घेऊन आमच्या गावी, मेणवलीला आली. बरोबर वळकट्या होत्या, स्टोव्ह होता आणि शिलाईचं मशीनही होतं. सुट्टीला येणारं माणूस शिलाईचं मशीन घेऊन येत नाही, हे आम्हा पोरांच्या ध्यानातही आलं नाही.

संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि यापुढंही लिहिलं जायला हवं. मला सांगायचं आहे ते त्या साली आमच्या घरात झालेल्या उन्हाळ्याविषयी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला उन्हाळा तोच. तो कुणी आणि कशाच्या जोरावर भरला, हे मोठी झाल्यावर आईकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.

मेणवली म्हटलं की लोकांना नाना फडणवीसांचा वाडा आठवतो. आमच्यासाठी मेणवली म्हणजे वाड्यामागचा घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, काळ्या दगडाच्या पायऱ्यांचा, आणि वर मेणेश्वराचं देऊळ. देवळाजवळच्या छोट्या दगडी मंडपात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई जिंकली तेव्हा तिथून आलेली. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे. गावातल्या बायका देवदर्शन झालं की त्या माउलीलाही हात जोडायच्या. लेकरू कडेवर असलेल्या बाईला हात जोडायला कुणाला शिकवावं लागत नाही.

याच घाटाच्या डोहात तात्या लहानपणी पोहायला शिकले होते. वर धोमचं धरण झालेलं, त्यामुळं ऐन वैशाखातही डोहाला पाणी असायचं. मे महिना लागला तसं तात्यांनी जाहीर केलं की घरातलं प्रत्येक पोर यंदा पोहायला शिकणार. मोकळे डबे गोळा झाले, त्यांची तोंडं घट्ट बंद करून सुतळीनं पाठीला बांधली गेली. रांगेत माई आणि मी उभ्या दिसलो तशी आजी कडाडली, "पोरीच्या जातीला पवायला कशाला रं?"

तात्या तिच्याकडं वळून म्हणाले, "पानी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतं व्हय, आये?"

तात्यांचं बोलणं दोन आळ्यांपलीकडं ऐकू जायचं. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज चढाच राहतो. साचेखात्यातली माणसं एकमेकांशी निम्मं ओठांच्या हालचालीवरून बोलायची, हेही त्यांनीच सांगितलं. मग आम्ही पाण्यात उतरलो की ते पायरीवरून आवाज न करता नुसते ओठ हलवून सूचना द्यायचे आणि आम्ही त्या ओळखायचो. "पाय मार." "श्वास धर." "भिऊ नको." हे शेवटचं मला लगेच ओळखता यायचं. आजही पाण्यात उतरले की तात्यांचे ते ओठ समोर येतात. पोरी पोहतात ही बातमी गावभर झाली, आणि आठवड्याभरात शेजारच्या दोघीतिघी डबे घेऊन घाटावर हजर. आजी काही बोलली नाही. उलट आम्ही वर आलो की पदरानं डोकी पुसायला तीच पुढं असायची.

घरात एकदम बारा-पंधरा माणसं झाली होती. वडील प्राथमिक शिक्षक, हळदीचं आणि भुईमुगाचं थोडंफार रान, दावणीला एक म्हैस, एवढ्यावर घर चालायचं. रानातून काढलेली हळद काहिलीत शिजवून वाळवायचं काम तात्यांनी बगाडानंतर अंगावर घेतलं होतं, त्यामुळं वडिलांना गड्याची मजुरी वाचली. आणि मग आलं वाळवण.

वाळवणाचे दिवस इतर वर्षी आम्हाला नकोसे वाटायचे. बायकांनी पहाटेपासून राबायचं, पोरांनी उन्हात कावळे हाकायचे. त्या साली तात्यांनी अंगणाची गिरणीच केली. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. पाळी बदलायची वेळ झाली की पितळी परातीवर उलथन्यानं ठोके. हा आमचा भोंगा. थोरला दादा जॉबर. माई आणि मी कायम कामगार, धाकटे सगळे बदली. बदलीवाल्यांनी रोज सकाळी उंबऱ्याशी उभं राहायचं आणि जॉबरनं बोट दाखवलं तरच कामावर यायचं. गव्हाचा चीक शिजवायला थोरली आई आणि आई चुलीपुढं. सोऱ्यातून कुरडया घालायला दोघी आत्या, त्याही माहेरपणाला आलेल्या. बाजांवर जुनी लुगडी अंथरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी. सांडगे, चिकवड्या, उडदाचे पापड असं रोज एकेक खातं सुरू व्हायचं. शेवयांचं यंत्र शेजाऱ्यांकडून आणलेलं, त्याचा दांडा स्वतः तात्या फिरवायचे. आमच्या गावात तोवर पुरुषानं वाळवणाला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. लोक कुंपणावरून बघून जायचे, आणि तात्या त्यांनाही "या, बदलीवर लावतो" म्हणून आत बोलवायचे.

मजुरी ठरलेली होती: पाळीला वाटीभर गरम चीक, त्यावर दूध आणि गूळ. शनिवारी अढीतला एकेक रायवळ आंबा.

एके दुपारी बारका परातीपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा संप. दोन आंबे पाहिजेत." त्याच्यामागं बदलीवाले सगळे. कुणीतरी मूठ वर केली, कुणीतरी घोषणा दिली. लालबागच्या चाळीतून आलेल्या त्या पोरांना घोषणा शिकवाव्या लागत नव्हत्या.

अंगण गप्प झालं. थोरल्या आईचा सोऱ्याकडं जाणारा हात तसाच राहिला. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी हातातली काठी खाली ठेवली. तात्या शेवयांच्या यंत्रापासून उठले. बारक्यापुढं येऊन मांडी घालून जमिनीवर बसले आणि त्याला म्हणाले, "बस. सांग, काय म्हननं हाय तुमचं?"

बारक्यानं सांगितलं. ऊन फार लागतं, कावळे फार येतात, आणि आंबे अढीत पुष्कळ आहेत, त्यानं मोजलेत. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "रास्त हाय. दोन आंबं मंजूर. आन् डोक्यावर टावेलबी मिळंल." मागं वळून आजीला म्हणाले, "बघ आये, एवढंच असतंय. समोर बसून ऐकून घ्यायचं."

पोरं आंब्यांकडं धावली. मी तिथंच होते, म्हणून मला दिसलं की थोरल्या आईनं पदर डोळ्यांना लावला आणि मग पुन्हा सोऱ्या उचलला. त्या दिवशीच्या कुरडया जरा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात आम्ही फिरलो किती! बहुतेक पायीच. धोमला चालत गेलो. तिथं नरसिंहाचं देऊळ आहे, आणि महादेवापुढचा नंदी पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला आहे. कुंड भरलं की नंदी पाण्यातून तरंगत निघालाय असं वाटतं. वाईला बाजाराला गेलो की ढोल्या गणपती ठरलेला. त्या देवळाची पाठीमागची भिंत माशासारखी निमुळती का केली, हे तात्या दर वेळी समजावून सांगायचे: पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. रास्त्यांनी पेशवाईत बांधलेलं ते देऊळ कृष्णेच्या किती पुरांत उभं राहिलं आहे. पसरणीला गेलो तेव्हा शाहीर साबळ्यांचं गाव म्हणून तात्यांनी आम्हाला मुद्दाम हिंडवून आणलं. शाहिरांचे कार्यक्रम त्यांनी गिरणगावात रस्त्यावर बसून पाहिलेले होते.

खरी सहल मात्र महाबळेश्वरची. इतक्या जवळ राहून आमच्यातल्या कुणी ते पाहिलं नव्हतं. महाबळेश्वर पाहुण्यांसाठी असतं, अशीच गावातली समजूत. आजीनं अंडी विकून साठवलेले पैसे गाठोड्यातून काढले आणि तात्यांच्या हातावर ठेवले. वाईहून पहिल्या एसटीनं निघालो. पसरणीचा घाट चढताना खाली आमचं खोरं उलगडत जात होतं, आणि प्रत्येक वळणावर बारका विचारत होता, "आपलं घर कुठाय?" पाचगणीची सिल्व्हर ओकची उंच झाडं आली, हवा एकदम गार झाली.

महाबळेश्वरच्या बाजारात आम्ही फार रेंगाळलो नाही. तिथं घोडे होते, लाल मुळ्यांच्या जुड्या होत्या, स्ट्रॉबेरी खाणारी शहरातली कुटुंबं होती. तात्यांनी मुळ्यांची एक जुडी घेतली आणि आम्ही क्षेत्र महाबळेश्वरचा रस्ता धरला. चालत. दोन्ही अंगांना करवंदाच्या जाळ्या, हात घालावा तिथं काळीभोर करवंदं. जिभा जांभळ्या आणि बोटं चिकट करत आम्ही जुन्या देवळाशी पोचलो.

पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम एकत्र पूजतात. पाचही धारा गोमुखातून कुंडात पडतात. तात्यांनी आम्हाला ओंजळी पुढं करायला सांगितल्या. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. "हीच आपली नदी," तात्या म्हणाले, या वेळी अगदी हळू. "हितनं निघती, धोमात थांबती आन् मग आपल्या घाटावर येती." बारक्यानं ओंजळीतलं पाणी परत सोडून दिलं. का सोडलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घरी जाऊ दे की."

देवळाच्या ओट्यावर दशम्या, लसणाची चटणी आणि लाल मुळे. मी त्यानंतर पुष्कळ चांगलीचुंगली जेवणं जेवले आहे, महाबळेश्वरच्या हॉटेलातही उतरले आहे. त्या जेवणाची सर कशाला आली नाही, हे मी मनापासून सांगते. परतताना पारशी पॉइंटला उतरलो. खाली धोमचं पाणी उन्हात चमकत होतं. त्याच्या पुढं, दूर, झाडीत कुठंतरी मेणवली. तात्यांनी बोटानं जागा दाखवली आणि आम्ही सगळ्यांनी दिसलं, दिसलं म्हणून गलका केला.

संध्याकाळी मात्र घरात एक शिस्त होती. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही. तात्या ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे. बातम्या संपल्या की तो खाली ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे, "चला, जेवून घेऊ." रात्री अंगणात ओळीनं अंथरुणं पडायची, आणि ते गिरणीतल्या गोष्टी सांगायचे: दिवाळीच्या बोनसच्या, गणपतीतल्या रोषणाईच्या, खोलीतल्या जोडीदारांच्या. काळजीची गोष्ट त्यांनी एकही सांगितली नाही.

आईनं नंतर सांगितलं, की थोरल्या आईची बोरमाळ त्याच महिन्यात वाईच्या एका पेढीवर गहाण पडली होती. वडिलांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. रात्री पोरं झोपल्यावर चौघं मोठी माणसं चुलीपुढं हिशेब करत बसायची, आणि सकाळी परात वाजायची तेव्हा त्यातलं काही कुणाच्या चेहऱ्यावर नसायचं. थोरल्या आईनं बरोबर आणलेल्या मशीनवर गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवून मिळवलेले पैसे एसटीच्या तिकिटांना लागले होते. आमच्या सहली अशा शिवून काढलेल्या होत्या.

जूनमध्ये पाऊस आला, शाळा उघडल्या. बारक्याचं नाव आमच्याच शाळेत घातलं, थोरला दादा आणि माई थोरल्या आईबरोबर मुंबईला गेले. संप रीतसर मागे घेतल्याचं कधीच जाहीर झालं नाही. पुढं तात्यांची गिरणी सुरू झाली, पण आत घेतलेल्यांत त्यांचं नाव नव्हतं. काही वर्षं त्यांनी मुंबईत मिळेल ते काम केलं आणि अखेर मेणवलीला येऊन हळद लावली. आमच्या घाटावर पुढं 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं, तेव्हा गर्दीतल्या पोरांना ते त्याच चढ्या आवाजात पायऱ्यांवरून जपून उतरायला सांगत होते. आता ते नाहीत, थोरली आईही नाही.

त्या संपातली माणसं पुष्कळ घरांमध्ये अजून आहेत. कुणाचे आजोबा, कुणाचे मामा, कुणाच्या चाळीतले शेजारी. सभा आणि मोर्चे यांच्याबद्दल त्यांना अभ्यासकांनी विचारलं आहे. या दिवाळीत तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि त्या वर्षीच्या मे महिन्याबद्दल विचारा: पोरांना कुठं ठेवलं होतं, काय खाऊ घातलं, कुठं फिरवून आणलं. आणि घरातल्या बायकांना आधी विचारा. जे सांगतील ते लिहून ठेवा. तेव्हा चाळिशीत असलेली ही माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.